फुरशावरचं औषध

महेश्वरी बिराजदार आमच्या कॉलेजात आली ती तासिका तत्त्वावर, म्हणजे शिकवलेल्या तासांपुरती. रसायनशास्त्राच्या तीन जागा रिकाम्या होत्या आणि भरायची परवानगी वरून येत नव्हती. मी मराठी शिकवायचो, कायम होतो, निवृत्तीला सहा वर्षं उरली होती. कॉलेजचं नाव लिहीत नाही. भूमच्या बाजूला, बालाघाटाच्या माथ्यावर, एवढं पुरे.

ती सास्तूरची. भूकंप झाला तेव्हा तीन वर्षांची होती. सास्तूर म्हटलं की लोक भूकंपाचंच विचारतात याचा तिला कंटाळा यायचा. स्टाफरूममध्ये कुणी तो विषय काढला की ती वह्या उचलून निघून जायची. घरात कन्नड, बाहेर मराठी. वडील शिवलिंगप्पा शेती करायचे. आई इरम्माच्या उजव्या हाताला तीनच बोटं होती. महेश्वरी नववीत असताना इरम्मा कडब्याची पेंढी उचलायला गेली आणि पेंढीखाली फुरसं होतं. हातभर लांबीचा, मातीच्या रंगाचा साप, पाय पडेपर्यंत दिसत नाही. बैलगाडीतून सडकेपर्यंत, सडकेवरून जीप, असं करत दवाखाना गाठेस्तोवर तीन तास गेले. लस मिळाली, इरम्मा वाचली. दोन बोटं सडली ती काढावी लागली.

"सर, लस चांगलीच आहे," महेश्वरी एकदा मला म्हणाली. "पण लस दवाखान्यात आणि साप शेतात. मधल्या वेळेचं काहीतरी करायला पाहिजे. शेतातच गिळता येईल अशी गोळी. माणूस दवाखान्यात पोचेपर्यंत विषाला अडवून धरायचं, बास."

ही गोळी ती कॉम्प्युटरवर शोधत होती. ते कसं, हे मला कळेना. तेव्हा तिनं समजावलं. फुरशाच्या विषात एक प्रथिन असतं. ते रक्तवाहिन्यांच्या भिंती कुरतडतं, रक्तही गोठू देत नाही, मग रक्त जिथं तिथं पाझरत राहतं. त्या प्रथिनात एक खाच असते आणि खाचेच्या तळाशी जस्ताचा एक अणू. सगळी करामत त्या खाचेत.

"एसटीत खिडकीतनं रुमाल टाकून जागा धरतात की नाही? तसं करायचं. त्या खाचेत नेमका बसेल असा रेणू टाकायचा. जागा अडली की विषाला काम करता येत नाही. हजारो रेणूंची माहिती फुकट मिळते, प्रथिनाचा आकारही मिळतो. कोणता रुमाल कुठं बसतो ते कॉम्प्युटर बघतो. याला डॉकिंग म्हणतात."

"मग सापडला की झालं?"

"नाही ना सर. कॉम्प्युटरमधली एसटी उभी असते. खरी एसटी धावते, हादरे खाते. रुमाल टिकतो का, ते वेगळं बघावं लागतं. आणि शेवटी खऱ्या विषावर, खऱ्या नळीत. तोपर्यंत सगळे आकडे."

हा शेवटचा भाग ती प्रत्येकाला सांगायची, न विचारताही सांगायची. नंतर मला त्याची फार आठवण झाली.

प्रयोगशाळेच्या मागं फुटक्या ब्युरेट ठेवायची एक खोली होती. तिथं तिनं जुना कॉम्प्युटर मांडला होता. एकेक गणित तीन-चार दिवस चालायचं आणि मध्येच वीज गेली की पुन्हा पहिल्यापासून. चाळीस हजार रेणूंपासून सुरुवात केली, तीन वर्षांनी अकरा उरले.

दरम्यान अमरसिंह आला. तोही तासिका तत्त्वावर, तोही डॉकिंगवाला. हसतमुख माणूस, कुणाच्याही अडचणीला धावणारा. तुळजापूरच्या डोंगरातल्या एखाद्या झाडपाल्यातली द्रव्यं घ्यायची, एखाद्या रोगाचं प्रथिन घ्यायचं, आकड्यांचा तक्ता आणि रंगीत चित्रं काढायची, की लेख तयार. महिन्याला एक निघायचा. एकदा त्यानं स्टाफरूममध्ये लेख दाखवायला आणला. महेश्वरीनं तो नीट वाचला; त्यातल्या प्रथिनातही जस्ताचा अणू असायला हवा होता.

"अमरसिंह सर, यातलं जस्त कुठं गेलं?"

"काढलं. सॉफ्टवेअर एरर देत होतं."

"पण ते जस्तच तर काम करतं. ते काढून टाकल्यावर उरलं काय?"

"मॅडम, छापणाऱ्यानं विचारलं न्हाय. तुम्ही कशाला विचारता?" तो हसत म्हणाला आणि सगळे हसले. मीसुद्धा.

अकरा द्रव्यं तिनं पदरचे पैसे घालून मागवली. पुण्याच्या एका प्रयोगशाळेतल्या शास्त्रज्ञ बाईंना सहा महिने पत्रं लिहिली आणि त्या ती तपासायला तयार झाल्या. ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात त्यांचा फोन आला. त्या दिवशी महेश्वरी माझ्याजवळ येऊन बसली आणि तिनं दुसरा चहा मागितला. ती कधी दुसरा चहा घ्यायची नाही.

"सर, सात नंबर अडवतंय. खऱ्या विषाला. नळीत." मग लगेच, "अजून खात्री नाही हं. पुन्हा करून बघायचंय. कुणाला सांगू नका."

मी प्राचार्यांना सांगितलं. चांगल्या मनानं सांगितलं असं म्हणता येईल, पण खरं म्हणजे आपल्याला आधी कळलं हे दाखवायला सांगितलं. तीन आठवड्यांनी मूल्यांकन समिती येणार होती. प्राचार्य खुर्चीतून उठलेच.

"बातमी लिहा सर. तुमच्या हाताला वळण आहे."

कॉलेजच्या सगळ्या बातम्या मीच लिहायचो. ही पण लिहिली. 'सर्पदंशावरील गोळी आता दृष्टिपथात; ग्रामीण कन्येची झेप' हा मथळा माझा. 'दवाखान्यात पोहोचण्यापूर्वीच प्राण वाचणार' हे वाक्य माझं. संशोधन प्राथमिक टप्प्यात आहे, हेही लिहिलं, अगदी शेवटच्या ओळीत. जागा कमी पडली की पेपरवाले शेवटची ओळ आधी उडवतात, हे मला तीस वर्षं बातम्या पाठवून पाठ झालं होतं. ती ओळ उडाली. मथळ्यातलं 'दृष्टिपथात' पण त्यांना लांब वाटलं असावं. छापून आलं ते असं: 'सर्पदंशावर गोळी शोधली'. खाली महेश्वरीचा ओळखपत्रावरचा फोटो.

ती पेपर घेऊन माझ्या टेबलासमोर उभी राहिली.

"गोळी कुठं आहे सर? मला दाखवा."

मी म्हणालो, "मॅडम, पेपरवाले थोडं वाढवतातच. तुमच्या कायम होण्याला उपयोग होईल."

संध्याकाळपर्यंत ते कात्रण जिल्हाभर फिरलं. शेजारच्या ईट गावच्या सरपंचानं तिचा सत्कार ठेवला, तिनं नकार दिला, तर माणसं म्हणाली बाईला गर्व झाला. तिच्या नंबरावर फोन यायला लागले.

बारा दिवसांनी पुण्याहून दुसरा निकाल आला. बाईंनी नळीत साबणासारख्या द्रव्याचा एक थेंब घातला होता. थेंब पडला की सात नंबरचा परिणाम नाहीसा. महेश्वरीनं मला त्याचा अर्थ सांगितला तेव्हा तिचा आवाज अगदी सरळ होता. सात नंबरचे रेणू एकमेकांना चिकटून गोळा होत होते आणि विष त्या गोळ्याला अडकत होतं. जागा धरलीच नव्हती, नुसती एसटीच्या दारात गर्दी झाली होती. साबणानं गर्दी फुटली, दार मोकळं. माणसाच्या रक्तात तर ती गर्दी जमणारच नाही.

"म्हणजे काहीच नाही?" मी विचारलं.

"अकराच्या अकरा चालत नाहीत. एवढं मात्र पक्कं कळलं." मग तिनं वहीचं पान फाडलं आणि तिथंच बसून खुलासा लिहिला. अर्धं पान. अशी कोणतीही गोळी उपलब्ध नाही, साप चावल्यास ताबडतोब रुग्णालयात जावे.

प्राचार्यांनी तो वाचून ड्रॉवरमध्ये ठेवला. "समिती जाऊ द्या."

समिती आली, बातमीचं कात्रण चकचकीत फाइलीत पहिल्या पानावर होतं. चांगली श्रेणी मिळाली. महेश्वरी पुन्हा प्राचार्यांकडं गेली. प्राचार्य म्हणाले, "अहो मॅडम, जुनी बातमी आता कोण वाचतंय?" मग ती एकटीच एसटीनं धाराशिवला पेपरच्या कचेरीत गेली. तिथल्या माणसानं चहा पाजला आणि सांगितलं, बातमी संस्थेकडून आली होती, खुलासाही संस्थेच्या लेटरहेडवर आणा. लेटरहेड प्राचार्यांकडं. तिनं मला विचारलं, सर तुम्ही मागून बघता का. मी बघतो म्हणालो. आणि मागितलं नाही.

ऑक्टोबरमध्ये सोयाबीनची काढणी सुरू झाली. एका मंगळवारी साडेअकराच्या सुमारास मला तिचा फोन आला. "सर, गाडी घेऊन माझ्या खोलीवर या. आत्ता."

पायरीवर एक बाई बसली होती, पस्तिशीतली. तिचं नाव अयोध्या. डावा हात कोपरापर्यंत सुजून टम्म झाला होता. ती शुद्धीवर होती, बोलत होती, विळा शेतातच राहिला म्हणत होती. बोलताना दातांच्या कडेनं रक्त येत होतं आणि ती ते पदरानं टिपत होती. तिचा नवरा बजरंग महेश्वरीसमोर हात जोडून उभा होता. मागं त्याची भावजय. तिघं मोटारसायकलवरून आधी कॉलेजात गेली होती. वॉचमननं खोलीचा पत्ता दिला.

"माझ्याकडं गोळी नाही हो दादा. नाहीच. गाडीत बसा, दवाखान्यात चला."

"मॅडम, आमाला न्हाय म्हनू नका. लई लांबून आलाव."

"खरंच नाही. अशी गोळीच नाही."

"पेपरात फोटू हाय तुमचा!" त्यानं मोबाइल काढला. कात्रण होतं. बोटानं मोठं करून त्यानं मथळा तिला दाखवला, मग मला दाखवला. "हे काय मग? दुसऱ्याला देनार आन् आमाला न्हाय व्हय?"

महेश्वरीनं अयोध्येच्या काखेत हात घातला, उठवलं आणि माझ्या गाडीत बसवलं. सबंध वाट ती तिचा सुजलेला हात स्वतःच्या मांडीवर धरून बसली होती. "हलवू नका ताई, अजिबात हलवू नका," एवढंच म्हणत होती.

दवाखान्यात लगेच घेतलं. डॉक्टरांनी काचेच्या नळीत रक्त काढून वीस मिनिटं ठेवलं. वीस मिनिटांनी नळी आडवी केली तर ते पाण्यासारखं वाहिलं. लस सुरू झाली. दुपारी बार्शीला हलवलं, तिथून सोलापूरला. मूत्रपिंडं बंद पडली, मग मेंदूत रक्तस्राव झाला. चौथ्या दिवशी अयोध्या गेली.

बजरंगच्या वस्तीवरून गावात येणारा रस्ता ग्रामीण रुग्णालयाच्या फाटकासमोरूनच जातो. भावजयीनं नंतर सांगितलं, "दवाखान्याम्होरं गाडी हळू केली व्हती भावजींनी. अयोध्या म्हनली, इथं सुया टोचत्यात, गोळीच घिऊ की." कॉलेज, तिथून खोली, मग पायरीवरची हुज्जत, माझी गाडी. पन्नास मिनिटं गेली.

महेश्वरी डॉक्टरांना तीनदा भेटली. पन्नास मिनिटं आधी आली असती तर? डॉक्टर भला माणूस होता, त्यानं तिन्ही वेळा तेच सांगितलं. सांगता येत नाही, फुरशाचं तसंच असतं. लवकर आलेलेही जातात. दुसऱ्या कुणाला या उत्तरानं बरं वाटलं असतं. तिला अर्धवट उत्तर चालत नसे.

"सर, मला तोच वेळ मिळवून द्यायचा होता," ती म्हणाली. "शेतापासून दवाखान्यापर्यंतचा. मी तो घालवला."

"तुम्ही नाही, मॅडम," मी म्हणालो. पुढचं वाक्य, 'मी', ते तोंडातून निघालं नाही.

अयोध्येच्या माहेरची माणसं कॉलेजवर आली. दगड पडले नाहीत, पण पडतील असं वाटलं. प्राचार्यांनी मला बोलावून घेतलं. पत्रक काढायचं ठरलं होतं. 'सदर संशोधन हे संबंधित अतिथी अध्यापिकेचे वैयक्तिक स्वरूपाचे असून महाविद्यालयाचा त्याच्याशी काहीही संबंध नाही.' दोन महिन्यांपूर्वी ती आमची ग्रामीण कन्या होती. हेही मीच लिहिलं. दोन्ही मसुदे माझ्या अक्षरात, एकाच रजिस्टरमध्ये आहेत. हे पत्रक मात्र लेटरहेडवर निघालं आणि दुसऱ्याच दिवशी छापून आलं, एक शब्दही न उडता.

तेरावा झाल्यावर तिनं मला वस्तीवर नेण्याची विनंती केली. मी स्कूटरवर नेलं. बजरंग घरात नव्हता, किंवा होता आणि बाहेर आला नाही. ओसरीवर त्याची आई कमलबाई बसली होती. महेश्वरी जमिनीवर बसली आणि तिनं सगळं सांगितलं: द्रव्यं, पुण्याचा पहिला निकाल, साबणाचा थेंब, खुलासा. कमलबाईनं मध्ये एकदाही अडवलं नाही. सगळं ऐकून घेतलं.

"म्हंजे तुला आधीच ठाव व्हतं, औषध न्हाय म्हून?"

"होय आजी. महिनाभर आधी."

"औषध हाय हे छापलं. न्हाय हे का छापलं न्हाय?"

महेश्वरीनं माझ्याकडं पाहिलं नाही. तिनं पाहिलं असतं तर बरं झालं असतं. ती म्हणाली, "मी जोर लावायला पाहिजे होता."

"बातमी कुनी लिवली?"

"कॉलेजनं."

"कॉलेज लिवतं व्हय?" म्हातारी म्हणाली आणि उठून आत गेली. कुणी आम्हाला जा म्हटलं नाही. आम्ही आपणच उठलो.

जूनमध्ये एका कायम जागेला परवानगी आली. मुलाखतीला महेश्वरी आणि अमरसिंह दोघं होते. मी प्रशासनाच्या बाजूनं कागद सांभाळायला आत बसलो होतो. अमरसिंहाचे चौतीस लेख. महेश्वरीचे दोन, आणि त्यातला ताजा एक असा की अकरा द्रव्यं का चालत नाहीत आणि सात नंबर खोटा दिलासा कसा देतं, ते सगळ्या आकड्यांसकट. बाहेरून आलेल्या तज्ज्ञांनी तो चाळला.

"मग बाई, तुम्ही शोधलं काय?"

"ही अकरा चालत नाहीत, हे शोधलं. पुढच्याला या वाटेनं जायची गरज नाही."

"न चालणारी द्रव्यं तर जगात सगळीच आहेत," तज्ज्ञ म्हणाले. समितीत हशा पिकला. "आणि त्या बाईच्या प्रकरणात तुमचं नाव आलं होतं ना?"

"आलं होतं," ती म्हणाली. "चुकीचं आलं होतं. खुलासा अजून प्राचार्यांच्या ड्रॉवरमध्ये आहे."

त्यानंतर कुणी तिला काही विचारलं नाही. अमरसिंहाची निवड झाली. तो पेढे घेऊन पहिल्यांदा तिच्याकडेच गेला. तिनं एक पेढा घेतला आणि म्हणाली, "आता तरी जस्त काढू नका." तो म्हणाला, "मॅडम, तुम्ही लई मनाला लावून घेता."

पुढच्या सत्रात तिला तास दिले गेले नाहीत. काढलं असं कुणी म्हटलं नाही. वेळापत्रकात नाव नव्हतं, एवढंच. ती तो जुना कॉम्प्युटर पोत्यात गुंडाळून सास्तूरला घेऊन गेली.

मागच्या वर्षी मी निवृत्त झालो. दोन महिने घरात बसलो आणि मग सास्तूरला गेलो. शिवलिंगप्पांनी ओळखलं, खाट टाकली. इरम्मानं तीन बोटांनी चहाची बशी पुढं केली. महेश्वरी आतल्या खोलीत काम करत होती. हैदराबादच्या एका औषध कंपनीसाठी ती घरून दुसऱ्यांच्या लेखांमधल्या चुका शोधते. कोणत्या आकड्यावर विश्वास ठेवायचा आणि कोणत्यावर नाही, ते खुणा करून पाठवायचं. दिवसाला साठ लेख.

"चुका सापडतात?"

"रोज. निम्म्यांत जस्त नसतं." ती हसली नाही.

मी जे बोलायला गेलो होतो ते बोललो. बातमी, उडणारी शेवटची ओळ, न मागितलेलं लेटरहेड, पत्रक. ती शेवटपर्यंत ऐकत राहिली, कमलबाईनं ऐकलं होतं तशी.

"मला माहीत होतं सर," ती म्हणाली. "माफ करा म्हणायला आला असाल तर ते मला म्हणून उपयोग नाही. वस्तीवर जा."

मी गेलो नाही अजून. हे लिहितोय ते त्याऐवजी, आणि त्याऐवजी चालणार नाही हेही मला कळतं.

त्या दिवशी आम्ही बोलत होतो तेवढ्यात तिचा फोन वाजला. ऑक्टोबर होता. काढणी लागली की ते कात्रण दरवर्षी पुन्हा फिरायला लागतं, आणि खाली कुणीतरी तिचा नंबर जोडलाय. पलीकडून कुणी माणूस घाईघाईनं बोलत होता, हाताला जनावर चावलंय, गोळी कुठं मिळंल. ती म्हणाली, "गोळी नाही. कुठंच मिळत नाही. हात हलवू नका, बांधू नका, एकशे आठला फोन करा. कोणतं गाव?" गाव कळल्यावर तिनं जवळचा दवाखाना सांगितला. "निघालात का? निघा."

फोन ठेवल्यावर शिवलिंगप्पा खाटेवरून म्हणाले, "किती येळा सांगितलं अव्वा, नंबर बदल म्हून."

"बदलला तर तो माणूस मला शोधत बसेल, अप्पा," ती म्हणाली आणि पुढचा लेख उघडला.